मोफत डिजिटल ग्रंथालयाची बातमी कशी करावी: प्रसिद्धिपत्रकाच्या आधीपासून बातमी छापून आल्यानंतरपर्यंत

मोफत डिजिटल ग्रंथालयांच्या बातम्या वाचताना एक गोष्ट सतत खटकते. मथळा असतो ‘हजारो पुस्तके आता एका क्लिकवर’. खाली उद्घाटनाचा फोटो. मान्यवरांची नावं पूर्ण, पदांसकट. पण ज्या पुस्तकांसाठी हा सगळा खटाटोप, त्यातल्या एकाचंही नाव नाही. संकेतस्थळाचा पत्ता नसतोच, असला तर अर्धवट. वाचक ‘चांगलं काम आहे’ म्हणतो आणि पान उलटतो.

याचा सगळा दोष वार्ताहरावर टाकण्यात अर्थ नाही. त्याला दिवसात तीन-चार बातम्या द्यायच्या असतात आणि आपण त्याच्या हाती जे ठेवतो तेच थोडं कापून-जोडून छापलं जातं. उद्घाटनाचं पत्रक दिलं तर उद्घाटनाची बातमी येणार. वाचक पुस्तकापर्यंत जावा असं वाटत असेल, तर ती वाट पत्रकातच आखून द्यावी लागते. प्रकल्प चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी हे काम कसं करावं, ते पुढे क्रमाने लिहिलं आहे.

आधी ठरवा: बातमीतून काय हवं आहे?

‘प्रसिद्धी हवी’ हे उत्तर पुरेसं नाही. वाचक हवेत, मुद्रितशोधनाला माणसं हवीत, घरात पडून असलेली जुनी पुस्तकं स्कॅनिंगसाठी हवीत, लेखकांच्या वारसांकडून परवानग्या हव्यात की देणग्या? यातलं एकच निवडा. सगळं एका बातमीत मागितलं की वाचक काहीच करत नाही.

एक नेमकं काम दिलं की काय होतं, याचं उत्तम उदाहरण ‘डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स’चं आहे. मोफत ई-पुस्तकं देणाऱ्या प्रोजेक्ट गटेनबर्गसाठी पुस्तकांचं मुद्रितशोधन अनेकांनी मिळून करावं म्हणून चार्ल्स फ्रँक्स यांनी २००० साली ते सुरू केलं. स्कॅन केलेलं पान आणि संगणकाने वाचलेला मजकूर समोर ठेवायचा, माणसाने दोन्ही ताडून चुका दुरुस्त करायच्या, अशी त्याची पद्धत. नोव्हेंबर २००२ मध्ये ‘स्लॅशडॉट’ या तंत्रज्ञानविषयक बातम्यांच्या संकेतस्थळाने त्याबद्दल लिहिलं आणि एका दिवसात ४,००० हून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. मला यातला महत्त्वाचा भाग वाटतो तो हा, की आलेल्या माणसाला लगेच करता येईल असं काम तिथे तयार होतं. एका वेळी एक पान. पुस्तकभर बांधिलकी नाही, प्रशिक्षणाची वाट पाहणं नाही. काम एवढं लहान करून ठेवलं असेल, तरच बातमीतून आलेली माणसं टिकतात.

आकडा मोजा, आणि मग पुन्हा मोजा

वार्ताहराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती पुस्तकं आहेत?’ याचं उत्तर जितकं सोपं वाटतं तितकं नसतं. तीन खंडांचा ग्रंथ हे एक पुस्तक की तीन? मासिकाचे बारा अंक बारा धरले की एक? एकाच पुस्तकाच्या दोन प्रती वेगवेगळ्या ग्रंथालयांतून स्कॅन झाल्या असतील तर? नुसती सूचीतली नोंद आहे, पण उघडून वाचता येत नाही, अशी पुस्तकं यात आहेत का?

बातमीआधी बसून पाच आकडे वेगवेगळे काढा. एकूण फायली, त्यांतली वेगळी शीर्षकं, कोणालाही पूर्ण वाचता येणारी पुस्तकं, ज्यांच्या मजकुरात शब्द शोधता येतो अशी पुस्तकं, आणि माणसाने तपासून पुरी केलेली पुस्तकं. हे आकडे एकमेकांपासून फार दूर असतात आणि शेवटचा नेहमीच सगळ्यांत लहान असतो. पत्रकात कुठलाही आकडा द्या, पण तो कशाचा आहे ते त्याच वाक्यात लिहा. ‘१०,००० पुस्तके’ असं छापून आलं आणि वाचकाला पूर्ण वाचता येणारी २,००० च सापडली, तर गेलेला विश्वास पुढच्या बातमीने परत येत नाही.

टक्केवारीचंही तसंच. स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरं संगणकाने ओळखणं म्हणजे ओसीआर. ‘आमच्या ओसीआरची अचूकता ९८ टक्के आहे’ हे वाक्य ऐकायला झकास वाटतं. पण पानावर साधारण १,५०० अक्षरं असतील तर २ टक्के म्हणजे ३० चुका, म्हणजे जवळजवळ प्रत्येक ओळीत एक. हे वार्ताहराला स्वतःहून सांगा. त्यामुळे काम कमी दिसत नाही, उलट मुद्रितशोधकांची गरज का आहे ते एका झटक्यात समजतं.

लहान आकड्याची लाज बाळगू नका. युनेस्को आणि अमेरिकेचं लायब्ररी ऑफ काँग्रेस यांनी २१ एप्रिल २००९ रोजी वर्ल्ड डिजिटल लायब्ररी खुली केली, तेव्हा तीत जेमतेम १,२०० च्या आसपास वस्तू होत्या. तरीही जगभर बातम्या झाल्या, कारण निवड नेमकी होती आणि माहिती सात भाषांत दिलेली होती. तुमच्याकडे एखाद्या विषयावरची ३०० निवडक, नीट तपासलेली पुस्तकं असतील तर ती अर्धवट नोंदींच्या ३०,००० फायलींपेक्षा मोठी बातमी आहे. माझं हे ठाम मत आहे.

कॉपीराइटचं एक पान तयार ठेवा

बातमीत सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो इथे. ‘मोफत’ या शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र येतात: कॉपीराइटची मुदत संपलेली पुस्तकं, लेखकाने किंवा वारसाने स्वतः मुक्त परवान्याखाली दिलेली पुस्तकं, केवळ वाचनासाठी परवानगी मिळालेली पुस्तकं, आणि ठरावीक दिवसांसाठी उसनी मिळणारी स्कॅन प्रत. वाचकाच्या दृष्टीने चारही फुकट. कायद्याच्या दृष्टीने चारही निराळ्या.

इंटरनेट आर्काइव्हचा अनुभव यासाठी मुळातून समजून घेण्यासारखा आहे. पुस्तकं आणि संकेतस्थळांच्या प्रती जपणारी ही अमेरिकी संस्था स्कॅन केलेली पुस्तकं एका प्रतीमागे एका वाचकाला उसनी देत असे, बाकीचे प्रतीक्षायादीत थांबत. साथीच्या काळात ग्रंथालयं बंद पडल्यावर २४ मार्च २०२० रोजी त्यांनी ‘नॅशनल इमर्जन्सी लायब्ररी’ जाहीर केली आणि सुमारे १४ लाख पुस्तकांची प्रतीक्षायादी काढून टाकली. सुरुवातीच्या बऱ्याच बातम्यांचा सूर कौतुकाचा होता. काही दिवसांतच लेखकांच्या संघटनांनी तीव्र हरकत घेतली, कारण यात हयात लेखकांची, बाजारात विक्रीला असलेली पुस्तकं होती. १ जूनला चार मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला, १६ जूनला ही योजना मुदतीआधीच बंद झाली. पण दावा उसन्या प्रतींच्या मूळ पद्धतीवरही होता. मार्च २०२३ मध्ये निकाल आर्काइव्हच्या विरोधात गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही तो कायम ठेवला. या वादात कोणाची बाजू घ्यायची ते प्रत्येकाने ठरवावं. प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्याने मात्र एवढं नक्की टिपावं, की कौतुकाच्या बातम्या जेवढ्या दूर गेल्या, तेवढ्याच दूर हरकतीही गेल्या.

दुसरी अडचण देशांच्या सीमांची. कुठे लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं संरक्षण असतं, कुठे ६०, कुठे ७०. प्रोजेक्ट गटेनबर्गवर तीन जर्मन लेखकांची १८ पुस्तकं होती. अमेरिकी कायद्याने ती मुक्त होती, जर्मनीत नव्हती. तिथल्या प्रकाशकाने दावा केला, २०१८ मध्ये निकाल प्रकाशकाच्या बाजूने लागला आणि गटेनबर्गने आपलं अख्खं संकेतस्थळ जर्मनीतल्या वाचकांना बंद केलं. तडजोड होऊन ते पुन्हा उघडलं ऑक्टोबर २०२१ मध्ये.

म्हणून पत्रकासोबत एक पान जोडा. आमच्याकडची किती पुस्तकं कोणत्या प्रकारची आहेत, मुदत संपल्याची खात्री कशी केली (लेखकाचं मृत्युवर्ष, प्रकाशनवर्ष, अनुवादक आणि चित्रकार यांचे वेगळे हक्क), आणि कुणाची हरकत आली तर कुठे कळवायचं. अनुवादक हमखास विसरला जातो. मूळ लेखक दीडशे वर्षांपूर्वी गेला असेल, पण अनुवादकाला जाऊन वीसच वर्षं झाली असतील, तर ते पुस्तक मुक्त नाही. पत्रकार एखादं नाव घेऊन ‘यांची पुस्तकंही आहेत का?’ असं विचारतो तेव्हा नेमकी हीच फाईल उघडावी लागते.

दार उघडण्याआधी चौकट तपासा

युरोपातल्या ग्रंथालयांचा आणि संग्रहालयांचा ठेवा एकत्र आणणारं ‘युरोपियाना’ २० नोव्हेंबर २००८ रोजी खुलं झालं. प्रसिद्धी एवढी झाली की तासाला सुमारे एक कोटी हिट येऊ लागले. काही तासांत संकेतस्थळ कोसळलं आणि पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर उजाडला. एवढी मोठी यंत्रणा पाठीशी असताना हे झालं, मग दोन स्वयंसेवकांच्या भरवशावर चालणाऱ्या सर्व्हरचं काय होईल?

उपाय साधे आहेत. बातमीसाठी एक वेगळं, हलकं, स्थिर पान करा. त्याचा पत्ता छोटा ठेवा, कारण छापील अंकात तो वाचून हाताने टाईप करावा लागतो. त्या पानावर पाच-सहा पुस्तकांची थेट लिंक द्या आणि एकच आवाहन ठेवा. मोठ्या फायलींची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. मग एखाद्या स्वस्त मोबाईलवर, रेंज कमी असताना, ते पान उघडून एक पुस्तक खरोखर वाचायला घ्या. वाचता आलं नाही तर पत्रक पाठवू नका.

बातमीचं निमित्त

‘आमचं ग्रंथालय आहे’ ही माहिती झाली. बातमीसाठी ‘आजच का?’ याचं उत्तर लागतं.

दरवर्षी १ जानेवारीला आणखी काही जुन्या पुस्तकांच्या कॉपीराइटची मुदत संपते आणि जगभर ‘पब्लिक डोमेन दिन’ पाळला जातो. २०२४ च्या १ जानेवारीला अमेरिकेत १९२८ च्या व्यंगपटातला मिकी माऊस मुक्त झाला, तेव्हा कॉपीराइटबद्दल एरवी अवाक्षर न काढणाऱ्या माध्यमांनीही पानंच्या पानं लिहिली. तुमच्या भाषेतले, तुमच्या विषयातले कोणते लेखक येत्या १ जानेवारीला मुक्त होणार, याची यादी नोव्हेंबरातच तयार ठेवा. वर्षअखेरीला संपादक अशा मजकुराच्या शोधातच असतात.

दुसरं निमित्त टप्प्याचं. प्रोजेक्ट गटेनबर्गने ऑक्टोबर २००३ मध्ये १०,०००वं ई-पुस्तक म्हणून ‘मॅग्ना कार्टा’ ही इंग्लंडच्या राजाच्या सत्तेवर मर्यादा घालणारी जुनी सनद दिली. मायकेल हार्ट यांनी ४ जुलै १९७१ रोजी अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाईप करून या कामाची सुरुवात केली होती, हे आठवलं की या निवडीतलं औचित्य कळतं. तुमचं ५०० वं किंवा १,००० वं पुस्तक असंच निवडून ठेवा. ते कोणतंही का असेना, त्याला स्वतःची गोष्ट हवी: एकच प्रत उरलेली, पानं कसरीने खाल्लेली, समासात आधीच्या वाचकाने पेन्सिलीने वाद घातलेला. अशा एका पुस्तकावर अर्धं पान लिहून येतं, तर हजार पुस्तकांच्या यादीवर चार ओळीही येत नाहीत.

तारीख हातची नसते, हेही लक्षात असू द्या. डिजिटल पब्लिक लायब्ररी ऑफ अमेरिकाचं उद्घाटन १८ एप्रिल २०१३ रोजी बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात व्हायचं होतं. तीन दिवस आधी त्याच इमारतीजवळ मॅरेथॉनच्या वेळी बॉम्बस्फोट झाले. समारंभ रद्द झाला, संकेतस्थळ मात्र ठरल्या दिवशी सुरू झालं. बातमी समारंभावर टांगलेली नसेल, तर असा प्रसंगही निभावतो.

पत्रक असं लिहा

नेहमी पाहायला मिळणारी सुरुवात अशी असते: ‘ज्ञानाची गंगा घरोघरी पोहोचवण्याच्या उदात्त हेतूने प्रेरित होऊन आमच्या संस्थेच्या वतीने अत्यंत भव्य अशा डिजिटल ग्रंथालयाचा शुभारंभ मान्यवरांच्या शुभहस्ते संपन्न झाला.’ यात उपसंपादकाला वापरता येईल असा एकही शब्द नाही.

आता तीच गोष्ट दुसऱ्या प्रकारे. आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत:

‘शंभर वर्षांपूर्वीची ३१२ प्रवासवर्णने आजपासून कोणालाही मोफत वाचता येतील. त्यांपैकी १८० पुस्तकांच्या मजकुरात शब्द शोधण्याची सोय आहे. नोंदणी करण्याची गरज नाही. या सर्व पुस्तकांच्या कॉपीराइटची मुदत संपलेली आहे. ४० स्वयंसेवकांनी दोन वर्षांत ही पुस्तके स्कॅन करून त्यांतली १८० तपासली. उरलेल्या १३२ पुस्तकांच्या मुद्रितशोधनासाठी वाचकांची मदत हवी आहे. एक पान तपासायला साधारण दहा मिनिटे लागतात आणि ते मोबाईलवरही करता येते.’

जागा कमी पडली आणि खालचा अर्धा भाग कापला, तरी वरच्या तीन वाक्यांत बातमी पुरी होते. त्याखाली एका पुस्तकाबद्दल एक परिच्छेद द्या, त्या पुस्तकातल्या दोन ओळी द्या, मग संकेतस्थळाचा पत्ता, बोलू शकणाऱ्या एका व्यक्तीचं नाव आणि फोन. सगळं एका पानात. मजकूर युनिकोडमध्ये, ईमेलच्या आतच, म्हणजे उपसंपादकाला उचलून पानात टाकता येतो. पत्रकाची पीडीएफ किंवा फोटो पाठवला तर कुणाला तरी पुन्हा टाईप करावं लागतं. ते झालं नाही की बातमी राहते.

फोटो दोन-तीन पुरे, पण छपाईला चालतील असे मोठे. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो दबतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा मेल करा. फोटो कामाचा असावा. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या पाळण्यात अर्धवट उघडलेलं पुस्तक, वरून अलगद टेकणारी काच, दोन बाजूंना दोन कॅमेरे आणि पान उलटणारा हात: एवढं चित्र पाहिलं तरी हे काम बटण दाबून होत नाही, हे वाचकाला समजतं. फोटोखालच्या ओळीत कोण आहे, काय चाललं आहे आणि फोटो कुणी काढला, ते लिहा.

कुणाला पाठवायचं, काय बोलायचं

पन्नास पत्त्यांवर एकच मेल ढकलण्यापेक्षा पाच जणांना वेगवेगळं लिहावं. पुरवणीच्या संपादकाला एका दुर्मीळ पुस्तकाची गोष्ट, तंत्रज्ञान पाहणाऱ्याला ओसीआरच्या अडचणी, शिक्षण पाहणाऱ्याला विद्यार्थ्यांच्या उपयोगाचा संग्रह. मेल गेल्यावर एकदा फोन करावा, अंक लावायच्या गडबडीत नव्हे. दुसऱ्यांदा करायची गरज पडली तर बातमी आवडलेली नाही असं समजावं.

वार्ताहर भेटायला आला तर त्याला भाषण ऐकवू नका. त्याच्या हाताने एक पान स्कॅन करू द्या, एका पानातल्या चुका दुरुस्त करू द्या. हे केलेला माणूस वेगळंच लिहितो. कठीण प्रश्न येतीलच: पैसे कुठून येतात, प्रकाशकांचं नुकसान होत नाही का, तुम्ही थकलात तर या पुस्तकांचं काय होईल? शेवटच्या प्रश्नाला तर आधीच उत्तर तयार असलं पाहिजे, कारण तो वाचकाच्याही मनात असतो. प्रती आणखी कुठे ठेवल्या आहेत ते सांगा. ठेवल्या नसतील तर आधी ते काम करा, बातमी थांबेल.

बातमी आल्याच्या दिवशी

एकाने दिवसभर मेल आणि संदेश पाहायचे, दुसऱ्याने सर्व्हरवर लक्ष ठेवायचं. आलेल्या प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला त्याच दिवशी काम पोहोचलं पाहिजे. आठवड्याने उत्तर गेलं तर तो माणूस गेला म्हणून समजा.

बातमीत चूक असेल तर आधी ठरवा ती कोणत्या जातीची आहे. नावातली वेलांटी चुकली, पद चुकलं, तर सोडून द्या. संकेतस्थळाचा पत्ता, आकडा किंवा कॉपीराइटबद्दल चुकीचं आलं असेल तर वार्ताहराला लगेच, शांतपणे, नेमकं वाक्य आणि नेमकी दुरुस्ती लिहून कळवा. ऑनलाईन आवृत्तीत बदल काही मिनिटांत होतो. ‘सर्व पुस्तके मोफत’ असं आलं आणि तुमच्याकडे परवानगीची पुस्तकंही असतील, तर ही दुरुस्ती टाळू नका. ज्या वारसांनी विश्वासाने परवानगी दिली, ते ती बातमी वाचत असतात.

वाईट बातमी आपणच आधी सांगावी

६ नोव्हेंबर २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोत इंटरनेट आर्काइव्हच्या स्कॅनिंग केंद्राला आग लागली. कुणाला इजा झाली नाही, पण सुमारे ६ लाख डॉलरची सामग्री जळाली. त्याच दिवशी त्यांनी काय जळालं, काय वाचलं आणि कोणती मदत हवी, हे स्वतः लिहून जाहीर केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्यावर सायबर हल्ला झाला, सुमारे ३ कोटी १० लाख खात्यांची माहिती फुटली आणि संकेतस्थळ काही दिवस बंद राहिलं. तेव्हाही संस्थापक ब्रूस्टर काहले समाजमाध्यमांवर वेळोवेळी स्थिती सांगत राहिले.

लहान प्रकल्पावर संकट येतं ते बहुधा हरकतीच्या पत्राच्या रूपात. पुस्तक लगेच तात्पुरतं बंद करा, पत्र मिळाल्याचं कळवा, कागद तपासा आणि निर्णय जाहीरपणे नोंदवा. वार्ताहराने विचारलं तर ‘प्रतिक्रिया नाही’ म्हणू नका. ‘हरकत आली आहे, पुस्तक तूर्त बंद ठेवलं आहे, तपासणी चालू आहे’ ही तीन वाक्यं खरीही असतात आणि पुरेशीही.

कात्रणं जपा

छापील बातमीचं कात्रण तारीख आणि पान क्रमांकासह स्कॅन करा. ऑनलाईन बातम्यांचे दुवे काही वर्षांत मरतात, म्हणून बातमी आली त्याच दिवशी तिचं पान वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या सेवेत, साठवून ठेवा. वृत्तपत्रातल्या मजकुराचा हक्क वृत्तपत्राचा असतो, त्यामुळे कात्रणाची अख्खी प्रत आपल्या संकेतस्थळावर चढवण्याआधी त्यांना विचारा. नाही म्हणाले तर मथळा, तारीख आणि दुवा एवढंच ठेवा. त्या नोंदीसमोर बातमीनंतरच्या आठवड्यात किती नवी माणसं आली आणि महिनाभराने त्यांतली किती पानं तपासत आहेत, हेही लिहून ठेवलं की पुढचं पत्रक कुणाला पाठवायचं ते ठरवणं सोपं जातं.